कंडक्टर नसलेल्या शहरात

परभणीच्या बसस्थानकातून जिंतूरची गाडी निघाली की कंडक्टर समोरून सुरुवात करतो आणि एकेका बाकाशी थांबत मागे येतो. "कुठं?" एवढाच प्रश्न. आपण म्हणायचं, "बोरी, एक फुल एक हाफ." मशीनमधून तिकीट निघतं, सुट्ट्यांवरून थोडी कुरकुर होते. झरी असो की बोरी, आपण कुठे उतरणार हे कंडक्टरला ठाऊक असतं आणि त्यावरूनच भाडं ठरतं. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा. जितके टप्पे, तितके पैसे.

आता हाच प्रवासी लंडनला मुलाकडे गेलेला आहे असं समजा. लाल दुमजली बस येते. ड्रायव्हर काचेआड बसलेला. रोख पैसे तर तो ६ जुलै २०१४ पासून घेतच नाही. पुढचा माणूस खिशातून बँकेचं कार्ड काढतो, दाराजवळच्या पिवळ्या गोलाला टेकवतो, 'टिंग' होतं आणि तो आत जातो. कुठे जायचंय हे त्याला कोणी विचारत नाही. उतरतानाही कोणी अडवत नाही. पण हाच माणूस भुयारी रेल्वेने गेला, तर आत जाताना कार्ड टेकवतो आणि बाहेर पडतानाही टेकवतो. एका ठिकाणी एकदा आणि दुसऱ्या ठिकाणी दोनदा, असं का? आणि 'कुठं?' हा प्रश्नच कोणी विचारला नाही, तर भाडं काढलं कोणी?

मुलांकडे गेलेले आपल्याकडचे अनेक आई-वडील या एका कोड्यापायी एकटे घराबाहेर पडत नाहीत. मुलगा शनिवारी मोकळा झाला तर फिरणं, नाहीतर खिडकीत बसणं. खरं तर पूर्णा जंक्शनला गाडी बदलणाऱ्या माणसाला लंडन अवघड नाही. कंडक्टरची कामं तिथे कोणाकोणाकडे गेली, एवढं समजलं की पुरे.

कंडक्टर गेला कुठे?

लंडनलाही कंडक्टर होते. मागचं दार उघडं असलेल्या 'रूटमास्टर' बसगाड्यांमध्ये ते तिकिटं फाडत. १५९ क्रमांकाच्या मार्गावर ९ डिसेंबर २००५ रोजी नेहमीच्या सेवेतली शेवटची रूटमास्टर धावली आणि ते युग संपलं.

कंडक्टर एकाच वेळी तीन कामं करतो. तो पैसे घेतो, अंतर पाहून भाडं काढतो आणि बिनतिकिटाला पकडतो. लंडनमध्ये पैसे घेण्याचं काम कार्डाकडे गेलं, भाडं काढण्याचं संगणकाकडे आणि पकडण्याचं काम स्थानकाच्या दाराकडे. बसला असं दार लावता येत नाही. प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्याला कार्ड टेकवायला लावलं तर मागे गाड्यांची रांग लागेल. म्हणून बसपुरता अंतराचा हिशेबच काढून टाकला. दोन थांबे जा नाहीतर टोकाला जा, भाडं एकच. २०२५ मध्ये ते १ पौंड ७५ पेन्स होतं. भाडं अंतरावर नसेल तर उतरण्याची जागा कळण्याची गरजच नाही, म्हणून बसमध्ये कार्ड एकदाच टेकवायचं. शिवाय पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभराच्या आत दुसरी, तिसरी बस पकडली तरी नवे पैसे पडत नाहीत. जिंतूरला जाताना बोरीला उतरून, काम आटोपून पुढची गाडी त्याच तिकिटावर पकडता आली असती, तर आपल्याकडे किती लोकांची सोय झाली असती!

भुयारी रेल्वेत मात्र अंतराचा हिशेब शिल्लक आहे. आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा कळल्याशिवाय तो होत नाही, म्हणून कार्ड दोनदा टेकवायचं. बाहेर पडताना दार उघडंच दिसलं आणि कार्ड न टेकवता आपण निघून गेलो, तर संगणकाच्या लेखी आपण अजून आतच असतो. मग तो सर्वांत जास्त भाडं लावून मोकळा होतो. काही छोट्या स्थानकांवर दारच नसतं, नुसता खांबावर पिवळा गोल असतो. तिथे टेकवायला विसरणारे पाहुणे सर्वाधिक.

टिंग होतं तेव्हा

कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये बारीक चिप असते आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं. कार्डात बॅटरी नसते. पिवळ्या गोलामागच्या यंत्राभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड त्यात आलं की वेटोळ्यात किंचित वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. हे सगळं अर्ध्या सेकंदात उरकावं लागतं, नाहीतर सकाळच्या गर्दीत दारापाशी माणसांचा ढीग होईल.

अर्ध्या सेकंदात बँकेला विचारून पैसे वळते करणं जमण्यासारखं नाही. म्हणून यंत्र पैसे कापतच नाही. ते फक्त नोंद करतं, की अमुक कार्ड अमुक स्थानकावर इतक्या वाजता टेकलं. हे मोंढ्यातल्या किराणा दुकानदाराच्या वहीसारखं आहे. दिवसभर घरातलं कोणी साखर नेतं, कोणी चहापत्ती, आणि दुकानदार नुसता मांडत जातो, बेरीज संध्याकाळी. लंडनच्या वहीत दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला संपतो. मग संगणक नोंदी जुळवतो. इथे आत गेला, तिथे बाहेर पडला, म्हणजे एक प्रवास. सगळ्या प्रवासांची बेरीज करून तो बँकेकडून एकदाच पैसे मागतो.

वही उशिरा जुळवण्याचा फायदा गिऱ्हाइकालाही होतो. दिवसभरात कितीही फिरलात तरी एका रकमेपलीकडे भाडं जात नाही. ही कमाल मर्यादा आधीच ठरलेली असते. २०२५ मध्ये नुसत्या बसने फिरणाऱ्यासाठी ती ५ पौंड २५ पेन्स होती, म्हणजे नेमकी तीन फेऱ्यांची. चौथ्या फेरीपासून फुकट. सोमवार ते रविवार असा आठवड्याचाही हिशेब असतो. 'दिवसाचा पास घ्यावा की सुटी तिकिटं?' हा आपल्या मंडळींचा आवडता प्रश्न त्यामुळे बहुतेक वेळा उरतच नाही. संगणक आपल्यासाठी स्वस्तातला हिशेब स्वतःच काढतो.

यात एक अट आहे आणि तिथेच गडबड होते. वहीतलं खातं कार्डाच्या नावाने असतं, माणसाच्या नावाने नव्हे. जाताना प्लॅस्टिकचं कार्ड टेकवलं आणि येताना तेच कार्ड भरलेला मोबाइल टेकवला, तर ती दोन वेगळी खाती धरली जातात. दोन्हीकडे अर्धवट प्रवास, दोन्हीकडे जास्तीत जास्त भाडं. नवरा-बायकोने एकाच कार्डावर आत जायचं म्हटलं तर दारच दोघांना सोडत नाही. माणशी एक कार्ड हवं आणि दिवसभर तेच हवं.

बँकेचं कार्ड वापरायचं नसेल तर २००३ पासून चालत आलेलं 'ऑयस्टर' हे निळं कार्ड मिळतं. त्यात आधी पैसे भरायचे. शिल्लक कार्डातच असते आणि दारावरचं यंत्र त्यातूनच कापतं. नवं कार्ड घेण्याचे पैसे मात्र परत मिळत नाहीत. ज्येष्ठांच्या सवलतीची आशा ठेवू नये. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. लंडनचं साठीपुढचं मोफत कार्ड तिथे राहणाऱ्यांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही.

वर्तुळं आणि गुलाबी गोल

भुयारी रेल्वेत भाडं किलोमीटरवर नसून विभागांवर असतं. शहराचा मध्य हा पहिला विभाग, त्याभोवती दुसरा, मग तिसरा, असे क्रमांक नवापर्यंत जातात. हीथ्रो विमानतळ सहाव्यात आहे. किती विभाग ओलांडले यावर पैसे, आणि पहिल्या विभागातून गेलात तर जास्त, कारण सगळी गर्दी तिथेच. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते ७ या वेळात भाडं आणखी चढतं. मुलांच्या ऑफिसची घाई संपल्यावर, साडेनऊनंतर बाहेर पडणारे आई-वडील नकळत स्वस्तात जातात.

आता एक शंका. एका कडेच्या स्थानकावरून दुसऱ्या कडेच्या स्थानकावर जायला दोन रस्ते आहेत; एक मध्यातून, दुसरा वळसा घालून. आत आणि बाहेर, दोन्ही नोंदी सारख्याच. मग मी वळशाने गेलो हे संगणकाला कळणार कसं? त्यासाठी गाडी बदलण्याच्या काही स्थानकांवर फलाटाजवळ गुलाबी रंगाचे गोल लावलेले असतात. वळशाने जाणाऱ्याने तिथे कार्ड टेकवायचं, म्हणजे मध्य टाळल्याची साक्ष वहीत पडते आणि भाडं कमी लागतं. पर्यटक या गुलाबी गोलाकडे शोभेची वस्तू असल्यासारखं बघून पुढे जातात.

नकाशा खरं बोलत नाही

लंडनची पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी धावली, तीही वाफेच्या इंजिनावर. मग वेगवेगळ्या कंपन्यांनी मार्ग खणले आणि जाळं इतकं वाढलं की नकाशात मावेना; मध्यभागी नावांची गिचमीड, कडेला मोकळं रान. हॅरी बेक हा विजेच्या मंडलांच्या आकृत्या काढणारा आरेखक. त्याने विचार केला, की जमिनीखाली बसलेल्या माणसाला खरं अंतर घेऊन करायचंय काय? त्याला हवा स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याची जागा. त्याने सगळे मार्ग सरळ केले, वळणं काटकोनात किंवा त्याच्या निम्म्या कोनात बसवली आणि स्थानकं सारख्या अंतरावर मांडली. १९३३ मध्ये छापलेला हा नकाशा लोकांनी उचलून धरला. जगभरातल्या मेट्रोंचे नकाशे आजही त्याच वळणाचे असतात.

पण गाडीत उपयोगी पडणारा हा नकाशा रस्त्यावर दगा देतो. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही शेजारची स्थानकं जमिनीवर जेमतेम पाव किलोमीटरवर आहेत. भुयारात उतरून, गाडी पकडून पुन्हा वर येईपर्यंत चालणारा माणूस पोहोचून चहा मागवतो.

मराठी पाहुण्याच्या कामाचं उदाहरण घेऊ. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. त्याची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. तिथला गणपती पाहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरी जायचं ठरलं. १० किंग हेन्रीज रोड हे ते घर. १९२१-२२ च्या काळात बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. जवळचं स्थानक चॉक फार्म. १९०७ मध्ये सुरू झालेलं हे स्थानक बाबासाहेब तिथे राहत होते तेव्हाही होतं.

नकाशा उघडला की डॉलिस हिल राखाडी रंगाच्या ज्युबिली मार्गावर दिसतं आणि चॉक फार्म काळ्या नॉर्दर्न मार्गावर. दोन्ही मार्ग एकमेकांना भेटतात ते थेट वॉटर्लूला, थेम्स नदीच्या पलीकडे. म्हणजे आधी खाली नदीपार जायचं, तिथे गाडी बदलायची आणि पुन्हा वर यायचं. पहिल्या विभागातून गेल्यामुळे भाडंही जास्त. जमीन वेगळंच सांगते. ज्युबिली मार्गावरच्याच स्विस कॉटेजला उतरलं, तर तिथून बाबासाहेबांचं घर चालत साधारण वीस मिनिटांवर आहे. डॉलिस हिल तिसऱ्या विभागात, स्विस कॉटेज दुसऱ्यात, त्यामुळे पहिल्या विभागाचा प्रश्नच येत नाही. स्थानकांचा नकाशा भिंतीवर पाहावा, पण निघण्याआधी मोबाइलमधला रस्त्यांचा नकाशाही एकदा उघडावा.

पाटीवरचं शेवटचं नाव

शहराच्या मध्यातून चॉक फार्मला थेट जायचं असेल तर नॉर्दर्न मार्गाची एक खोड माहीत हवी. कॅम्डन टाउनला हा मार्ग फुटतो. एक फाटा एजवेअरकडे जातो, दुसरा हाय बार्नेटकडे, आणि चॉक फार्म एजवेअरच्या फाट्यावर आहे. एकाच फलाटावर दोन्हीकडच्या गाड्या येतात, रंग तोच, डबे तेच. फरक फक्त पाटीवरच्या शेवटच्या नावात. परभणीकराला हे नव्याने शिकवायला नको. मनमाडकडून आलेली गाडी नांदेडची की परळीची, हे पाहूनच गंगाखेडला जाणारा चढतो, आणि पूर्ण्याला हिंगोलीचा रूळ वेगळा होतो हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. तोच नियम इथे लावायचा: आपल्या स्थानकाच्या नावासोबत त्या फाट्यावरचं शेवटचं स्थानकही पाठ करायचं. चुकून हाय बार्नेटच्या गाडीत बसलात तरी बिघडत नाही. कॅम्डन टाउनला उतरायचं आणि मागची एजवेअरची गाडी धरायची. दाराबाहेर पडला नाहीत तर जादा भाडं लागत नाही.

सरकत्या जिन्यावर उभं राहायचं असेल तर उजवीकडे राहावं, डावी बाजू घाईतल्यांची. आणि बसथांब्यावर नुसतं उभं राहू नये, आपली बस दिसली की हात करावा. त्या बाबतीत लंडन आणि आपला फाटा सारखेच.

जिथे दारच नाही

लंडनला सरावलेला माणूस बर्लिन किंवा व्हिएन्नाला गेला की पुन्हा गोंधळतो. तिथे रस्त्यावरून जिना उतरला की थेट फलाट. दार नाही, कोणी विचारणारा नाही. बघणाऱ्याला वाटतं, सगळं फुकटच आहे.

तसं नाही. तिथे पकडण्याचं काम दाराऐवजी अचानक येणाऱ्या तपासनिसावर सोपवलं आहे, आणि बाकीचं काम दंड करतो. बर्लिनमध्ये दंड ६० युरो आहे. तिकीट साधारण ४ युरोचं धरलं तर १५ तिकिटांएवढा. पंधरा फेऱ्यांत एकदा जरी पकडला गेला तर फुकट्याच्या पदरात काहीच पडत नाही, आणि चारचौघांत गाडीतून उतरवलं जातं ते वेगळंच. शेकडो स्थानकांवर दारं बसवायची, ती दुरुस्त करायची, त्यांच्याजवळ माणसं नेमायची, या खर्चापेक्षा साध्या कपड्यातले तपासनीस स्वस्त पडतात. व्हिएन्नात २०१२ पासून २०२५ पर्यंत वर्षाचा पास ३६५ युरोला मिळत होता, म्हणजे दिवसाला एक युरो. जिथे इतक्या लोकांच्या खिशात पास आहे, तिथे दार लावून अडवायचं कोणाला?

या शहरांत पाहुणा फसतो तो वेगळ्याच जागी. तिकीट विकत घेतलं म्हणजे झालं, असं त्याला वाटतं. बर्लिन, व्हिएन्ना, प्राग या शहरांत कागदी तिकीट छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट कोरं, आणि कोरं तिकीट म्हणजे बिनतिकीट. आपला माणूस पाकिटातून कोरं करकरीत तिकीट अभिमानाने काढून दाखवतो आणि त्यावरच दंड भरतो. प्रागमध्ये तर तिकीट अंतराचं नसून वेळेचं असतं, ३० मिनिटांचं किंवा ९० मिनिटांचं. शिक्का उमटला की घड्याळ सुरू. पॅरिसमध्ये दारं आहेत, पण विमानतळ सोडला तर मेट्रोचं तिकीट कुठूनही कुठेही एकच; २०२५ मध्ये ते २ युरो ५० सेंट होतं. बाहेर पडेपर्यंत ते जपून ठेवायचं. आणि लक्झेंबर्गने २०२० च्या फेब्रुवारीअखेर ही कटकटच संपवली. देशभरात बस, ट्राम, रेल्वे मोफत केली, फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला तिकीट ठेवलं.

लंडन सोडून या शहरांत रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात आणि आपली मान सवयीने उजवीकडेच वळते.

> चौकट : परभणीतून निघण्याआधी
>
> कार्डावर वाय-फायच्या खुणेसारख्या चार आडव्या लहरी आहेत का पाहा. त्या असतील तरच ते टेकवून चालतं. लंडनमध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्स्प्रेस चालतात.
>
> रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतंच सुरू असतं. परदेशातले आणि टेकवून करायचे व्यवहार बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन स्वतः सुरू करून घ्यावे लागतात. परदेशी व्यवहारावर बँक किती टक्के जादा लावते, तेही तिथेच विचारा.
>
> नव्या शहरात पोहोचल्यावर दोनच गोष्टी विचारा: "उतरतानाही कार्ड टेकवायचं का?" आणि "तिकिटावर शिक्का मारायचा का?"

परदेशात राहणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. आई-वडील आले की शनिवार-रविवारच्या सहलींची आखणी कराच, पण पहिल्या सोमवारी त्यांच्या हातात प्रत्येकी एक कार्ड द्या, साडेनऊनंतर एकदा सोबत जा आणि येताना त्यांना पुढे होऊ द्या. मंगळवारी त्यांना एकटं जाऊ द्या.